घरगाडीवरचं भस्म

पूर्णेत उमादेवीला ओळखत नाही असा माणूस एक तर परवाच बदलून आलेला असतो, नाही तर त्याला शेव आवडत नसते. बाकी सगळ्यांना ती ठाऊक. उंचीनं आखूड, आवाजानं मोठी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि मधोमध कुंकू, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि अंगाला बारा महिने तळलेल्या बेसनाचा वास. तिच्याशी भाव करायला गेलेलं गिऱ्हाईक पावकिलोच्या जागी अर्धा किलो घेऊन घरी जातं आणि वर बायकोला सांगतं, बघ, कशी स्वस्तात पाडली. उमादेवी मागून हसत असते.

तिचं दुकान चाकावर होतं. लग्न होऊन ती आली तेव्हा तिचे मालक ईश्वरअप्पा सायकलला टोपली बांधून जत्रा करायचे. पोखर्णीच्या नरसिंहापासून ते आडरानातल्या दर्ग्याच्या उरुसापर्यंत जिथं म्हणून पाळणा उभा राहील तिथं शेव, गोडीशेव, रेवडी घेऊन हजर. रात्री कुणाच्या तरी ओसरीवर नाही तर झाडाखाली पाठ टेकायची. उमादेवीनं एक हंगाम हे सोसलं आणि दुसऱ्या हंगामाला कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी काय पाखरू हाय का, झाडावर राहायला? मला छप्पर पायजे. तुमी कुठं बी फिरा, पण छप्पर संगं घेऊन फिरा."

अप्पा कमी बोलणारे, पण ऐकणारे. त्यांनी पैसे साठवून एक जुनी जीप घेतली आणि एका ट्रॉलीचा सांगाडा घेतला. लोहाराच्या मागं लागून त्या सांगाड्यावर पत्र्याचं घर उभं केलं. आत दोन बाकं, दिवसा बसायला, रात्री झोपायला, आणि खाली माल ठेवायला. कोपऱ्यात भट्टी, वर पाण्याची टाकी, मागच्या बाजूला पडदा लावून अंघोळीची एवढीशी मोरी. बाजूची झडप वर उचलली की दुकान, खाली पाडली की घर. जीपला जोडलं की निघालं. तिला सगळे घरगाडीच म्हणायला लागले.

धूर बाहेर जायला छपरातून पाइप काढला होता. पावसाचं पाणी त्यातून थेट कढईत यायला लागलं, तेव्हा अप्पांनी उमादेवीचा आंदणात आलेला पितळी तांब्या उचलला आणि खाली धुराला फट ठेवून पाइपावर पालथा बसवून टाकला. त्या तांब्यापायी उमादेवीनं अबोला धरला. संध्याकाळपर्यंत टिकला. तिच्या मानानं फार झाला. पण पुढं जत्रेत लांबून तो तांब्या चकाकताना दिसला की लोकच म्हणायचे, अप्पा आले, शेव आली. मग तीच दर आठवड्याला वर चढून तो चिंचेनं घासायला लागली.

त्या बाकावर तिचा विरेश पाढे शिकला, तिथंच गोवरानं तापला, तिथंच एकदा नवरा-बायकोत असं भांडण झालं की अख्खी जत्रा पाळणा सोडून ऐकायला आली. संसार म्हणतात तो सगळा त्या पत्र्यात झाला.

आणि मग अप्पांचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण गाडी चालवू नका. कढईसमोर तर थरथरता हात चालतच नाही. जीप विकली. घरगाडी दाराजवळच्या कडुलिंबाखाली उभी राहिली, आणि अप्पा खाटेवर बसून तिच्याकडं बघत राहिले. घराबाहेर पडणंच त्यांनी सोडलं.

विरेश हैदराबादला नोकरीला. पोरगं गुणाचं, सूनही चांगली. त्याचं एकच म्हणणं, "आई, आता बास झालं. दोघं बी इकडं या." उमादेवी मागं एकदा जाऊन राहिली होती. चौथा मजला. सून हातातलं लाटणं काढून घ्यायची आणि प्रेमानं म्हणायची, तुम्ही बसा हो. उमादेवी बसली. बसून बसून तिला ताप आला. कुणाचं काही चुकत नव्हतं, हाच तर घोळ होता. भांडायलाही जागा नाही.

तिच्या डोक्यात वेगळंच होतं. स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर भगवानरावांचा एक गाळा रिकामा होता. पुढं कढई, मागं खोली. कढईशी ती उभी राहणार, अप्पा गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणार. भगवानराव म्हणाले, "पाडव्यापर्यंत मी दुसऱ्या कुणाला देत न्हाई, वैनी. पाडव्याला अनामत द्या अन् कढई चढवा." अनामत यायची ती घरगाडी विकूनच, दुसरं विकण्यासारखं घरात होतं काय? विकली तर गाळा, नाही तर हैदराबाद. इतका साधा हिशेब होता, आणि तो उमादेवीच्या छातीवर बसला होता.

परभणीला वसमत रोडवर सिद्धोधनचं जुन्या गाड्यांचं आवार आहे. सिद्धोधन स्वतः गाड्या विकत घेत नाही. लोक आपली जीप, ट्रॅक्टर, टेम्पो त्याच्याकडं आणून लावतात, तो गिऱ्हाईक शोधतो, सौदा जमवतो, आणि गाडी गेली की आपलं कमिशन ठेवून बाकीचे मालकाला देतो. नाही गेली तर मालकानं आपली गाडी घेऊन जायची. माणूस सरळ, गोरागोमटा, तोंडानं मिठ्ठास. घरगाडी ट्रॅक्टरला बांधून उमादेवी त्याच्या दारात उतरली, तेव्हा मात्र त्याचं तोंड बंद झालं.

"काकू, ट्रॅक्टर आणला असता तर आठवड्यात काढून दिला असता. ही नेमकी काय म्हणून विकू?"

"घर म्हणून विक."

"घराला चाकं कुठं असतात?"

"मग गाडी म्हणून विक."

"गाडीला इंजन कुठंय?"

"तुला तोंड हाय ना? मग विक."

सिद्धोधन हसला आणि त्यानं घरगाडी रस्त्याकडेला सगळ्यात पुढं लावून घेतली. "आता माझी जिम्मेदारी, काकू. तुमी फिकीर करू नका."

पण फिकीर नाही केली तर ती उमादेवी कसली? घरातली वस्तू विकायला काढली म्हणजे शुभ करूनच काढायची. पिशवीत सगळं बरोबर आणलेलं होतं. चाकांखाली लिंबं ठेवली. नारळ फोडला. घरगाडीच्या कपाळावर, म्हणजे पुढच्या पत्र्यावर, ओल्या भस्माचे तीन पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढले, मधे कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, दाराच्या कडीत बेलाची डहाळी खोवली. वर तांब्या तर घासलेला होताच. मागं सरून तिनं बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. नवरी सजवावी तशी सजवली होती तिनं.

दर सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं ती परभणीला यायला लागली. जुनं भस्म सुकलेलं असायचं, त्यावर नवं ओढायची. माळ बदलायची. पहिल्याच सोमवारी तिला पायरीवर कुणी वाहिलेली फुलं दिसली. तिला बरं वाटलं. परभणीची माणसं अजून चांगली आहेत, असं ती अप्पांना घरी येऊन म्हणालीसुद्धा. पुढच्या सोमवारी उदबत्त्यांची राख होती. त्याच्या पुढच्या सोमवारी एक म्हातारी घरगाडीला प्रदक्षिणा घालत होती. उमादेवीला वाटलं, बिचारीला डॉक्टरनं चालायला सांगितलं असेल.

गिऱ्हाईक काही येईना. येत होतं, म्हणजे बघून जात होतं. पोखर्णीचा एक जण तिच्यासमोरच आला. लांबूनच चपला काढल्या, हात जोडले, आत डोकावला, पुन्हा हात जोडले आणि मागच्या पावली गेला. "अहो, भाव तरी इचारा," उमादेवी ओरडली. तो म्हणाला, "याचा भाव कसा करावा, माय?" हिला वाटलं, भाव पाडायची ही नवीन तऱ्हा दिसते. ती मनात म्हणाली, बेटा, तुझ्यासारखे लय बघितले.

गिऱ्हाईक येईना म्हणजे आपल्याच पूजेत काही कमी पडतंय, असं तिनं धरलं. भस्म जाड झालं. माळ एकाची दोन झाली. दारावर आंब्याची पानं आली. जसजशी घरगाडी विकेना तसतशी ती सजवत गेली, आणि जसजशी ती सजवत गेली तसतशी... आता वाचणाऱ्याला कळलंच असेल. तिला मात्र कळलं नव्हतं, कारण तिला ती घरगाडी दिसत होती. पन्नास भांडणं आणि हजार घाणे बघितलेली घरगाडी. रस्त्यानं जाणाऱ्याला दिसत होतं ते पांढरं देऊळ. कपाळी भस्म, दारी बेल, माथ्यावर चकाकता पितळी कळस.

महाशिवरात्र आली. उमादेवीचा उपास, घरीच लिंगपूजा चाललेली. दुपारी सिद्धोधनचा फोन आला. मागं एवढा गलका की त्याला ओरडून बोलावं लागत होतं.

"काकू, काय करून ठेवलंत हे? रस्त्यापर्यंत रांग लागलीय! कुणीतरी व्हिडिओ काढून टाकला, चालतं देऊळ म्हणून. आता दानपेटी बी आणून ठेवली कुणीतरी. माझ्या आवारात ट्रॅक्टर बघायला कुणी येईना, सगळे पाया पडायलेत!"

सगळे सोमवार एकदम उमादेवीच्या डोळ्यापुढं उभे राहिले. फुलं, उदबत्त्या, प्रदक्षिणा घालणारी म्हातारी, पोखर्णीचा तो हात जोडणारा माणूस. तिनं कपाळाला हात लावला. "अगं बाई. मीच केलं हे. मीच."

"मग पुसून टाक ते भस्म," ती शेवटी फोनवर म्हणाली, आणि म्हणतानाच तिची जीभ अडखळली.

"मला पुसायला काय जातंय, काकू? पण मी बुद्धाचा माणूस. उद्या कुणी उठून म्हणंल, सिद्धोधननं शंकराचं भस्म पुसलं. माझं दुकान रस्त्यावर हाय. तुमी लावलं, तुमीच काय ते बगा. अन् हे असंच चाललं तर मला गाडी परत न्या म्हणावं लागंल. राग मानू नका."

राग कशाचा? त्याचं बरोबरच होतं. पण लावलेलं भस्म फडक्यानं पुसून टाकायचं म्हटलं की तिच्या जिवावर येत होतं. जन्मात तिनं ते केलं नव्हतं. भस्म आपोआप उतरतं, कुणी पुसत नसतं. पाडवा जवळ येत चालला होता, विरेश फोनवर तिकिटं काढू का विचारत होता, आणि अप्पा खाटेवर बसून लिंबाखालच्या रिकाम्या जागेकडं बघत होते. ती भिंतीकडं तोंड करून रडली. मोठ्यानं रडली, तिला दुसरं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी उपास सुटला. तिनं कढई ठेवली, आणि चिरलेला कांदा तेलात पडला तसा खाटेवरून अप्पांचा आवाज आला. "हा वास आला की घरगाडीत बसल्यावानी वाटतंय बघ."

उमादेवीचा झारा हातातच राहिला. परभणीत आज त्या घरगाडीला वास कशाचा येत असेल? कापराचा. ती कापराच्या वासात कधी राहिली होती? लोकांचं काय चुकलं? कांदा त्यांना कुणी दाखवलाच नाही.

"उठा," ती म्हणाली.

"कुठं?"

"परभणीला. घरात जायचंय आपल्याला."

अप्पा किती महिन्यांनी घराबाहेर पडले. एका हातानं काठी, दुसऱ्या हातानं उमादेवीचा खांदा. तिच्या डोक्यावर बोचकं. त्यात बेसन, कांदे, तेल, तिखटमीठ, परकर, साबण, पातेली. गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, यात्रेला निघालात का? उमादेवी म्हणाली, "यात्रा मोडायला निघालोत."

आवारात शिवरात्रीची गर्दी ओसरली होती, तरी बायका-माणसं होतीच. उमादेवीनं पदर खोचला, दानपेटी उचलून सिद्धोधनच्या टेबलावर आदळली, झडप वर केली आणि भट्टी पेटवली. मग तिनं बादलीभर पाणी घेऊन नवऱ्याचं धोतर धुतलं आणि दारापासून खिडकीपर्यंत दोरी बांधून, झेंडूच्या माळेच्या अगदी नाकासमोर, वाळत घातलं. त्याच्या शेजारी आपलं हिरवं लुगडं. अप्पा पायरीवर बसून थरथरत्या हातानं लसूण सोलायला लागले, सालपटं तिथंच पडत होती. आणि कांदाभज्यांचा पहिला घाणा तेलात पडला.

वास रस्त्यावर गेला. पालथ्या तांब्याखालच्या फटीतून धूर निघाला. हात जोडून उभी असलेली एक बाई वर बघत राहिली. "कळसातून धूर कामून निघायलाय?"

"कळस न्हाई माय तो," उमादेवी आतून म्हणाली. "माझा आंदणातला तांब्या हाय. यांनी चोरलेला."

अप्पा लसूण सोलता सोलता हसले. किती दिवसांनी तिनं ते हसू बघितलं.

सगळंच काही सोपं गेलं नाही. एक म्हातारबा लाल होऊन पुढं आले. "देवाच्या दारात कांदा? लाज न्हाई वाटत?" उमादेवीनं गळ्यातली डबी हातात धरून त्यांना दाखवली. "बाबा, आमचा देव आमच्या गळ्यात असतो. त्याला ठेवायला आमाला गाडी लागत न्हाई. या गाडीत आमी शेव तळली, पोरगं वाढवलं, अन् भांडलोत. भस्म मी लावलं, ती चूक माझी. आता बसा, भजी खा." म्हातारबा गुरगुरत उभे राहिले. मग खाली बसले. मग दुसरी प्लेट मागितली. ज्यांनी ज्यांनी नारळ आणले होते त्यांचे नारळ तिनं फोडून चटणी वाटली आणि त्यांच्याच ताटात वाढली. संध्याकाळपर्यंत लोक घरगाडीत चपला घालून चढायला लागले, बाकावर बसून पाय हलवायला लागले, टाकीला नळ कुठला ते विचारायला लागले. दानपेटी ज्यानं ठेवली होती तोही आला आणि सिद्धोधनच्या टेबलावरून ती गुपचूप उचलून घेऊन गेला.

"काकू," सिद्धोधन भजी खात म्हणाला, "हे तुमी पहिल्याच दिवशी केलं असतं तर?"

"तू सांगायचं होतंस."

"मला काय माहीत तुमच्यात गाडी विकताना काय काय करतात? मला वाटलं, असंच असतंय."

दोघं एकमेकांकडं बघून हसत सुटले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर एक ट्रॅक्टर थांबला. मागं मळणीचं यंत्र जोडलेलं. त्यावरून एक तिशीतली बाई उतरली. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवयांवर हरभऱ्याचा भुस्सा, हातात नारळ. ती घरगाडीपुढं आली, वाळत घातलेलं धोतर बघितलं, कढई बघितली आणि गोंधळून उभी राहिली. तिचं नाव मंजुषा. तिचा नवरा आदिनाथ ट्रॅक्टरवरच बसला होता.

"हितं देऊळ होतं ना, मावशी?" तिनं विचारलं.

"देऊळ नव्हतं, बाई. घरच होतं. लोकांचा गैरसमज झाला, माझ्यापायी."

मंजुषाचा चेहरा पडला. "म्हंजे देव नव्हताच? मी शिवरात्रीला आले होते. नवस बोलले मी याच्यापुढं."

बाकी सगळं उमादेवीनं हसण्यावारी नेलं होतं, पण कुणाचा नवस आपल्या चुकीपायी वाऱ्यावर गेला, हे तिला सोसेना. ती भट्टीपासून उठली, खाली उतरली आणि मंजुषाचा हात धरला. "काय मागितलंस, पोरी? मला सांग. आपण दोघी मिळून खऱ्या ठिकाणी सांगू."

मंजुषा आधी लाजली. मग सांगायला लागली. त्यांचं यंत्र या गावातून त्या गावात फिरतं. सोयाबीनला एकदा, हरभरा-गव्हाला एकदा. हंगामभर घर नाही. रात्री कुणाच्या गोठ्यात, नाही तर यंत्राखाली ताडपत्री अंथरून. "त्यांचं काय, गडीमाणसाचं कसं बी भागतं. मला मात्र अंघोळ करायची तर दिवस उगवायच्या आत कुणाच्या तरी विहिरीवरच्या मोटारीपाशी जावं लागतं. दोन वर्सांची पोरगी हाय, तिला आईकडं सोडून यावं लागतं. रात रात झोप येत न्हाई मला तिच्यावाचून." तिनं डोळे पुसले, भुस्सा गालावर पसरला. "दुसरं काय मागावं? म्हनलं, देवा, फिरतीवर डोक्यावर एक पत्रा दे. अंघोळीला आडोसा दे. पोरगी संगं ठेवता येऊ दे. पाच नारळ वाहीन."

सिद्धोधननं हातातलं भजं तसंच खाली ठेवलं. अप्पांच्या हातातला लसूण थांबला. उमादेवी त्या पोरीकडं बघत राहिली आणि तिला दिसली ती कमरेवर हात ठेवून उभी असलेली एक नवी नवरी, मी काय पाखरू हाय का म्हणणारी.

ती हसत होती का रडत होती, तिचं तिलाच कळेना. "अगं येडे," ती म्हणाली, "घराकडंच घर मागितलंस की तू. चल, वर चढ."

तिनं मंजुषाला ओढूनच आत नेलं. बाक उघडून दाखवलं, त्याखाली पोरीची झोळी कुठं मावेल ते दाखवलं, झडप खालीवर करून दाखवली. मागचा पडदा सारून मोरी दाखवली. मंजुषा त्या एवढ्याशा मोरीत जाऊन उभी राहिली, पडदा आतून ओढून घेतला, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आदिनाथ काळजीनं हाका मारायला लागला, तेव्हा आतून तिचा आवाज आला, "थांबा ना जरा. उभी हाय मी."

मग सौदा. सिद्धोधननं रुबाबात आकडा सांगितला, आदिनाथनं डोकं खाजवत पाडून मागितला, आणि उमादेवी, जिनं जन्मात कधी भावात हार मानली नव्हती, ती दोघांच्या मधे पडून आपल्याच मालाचा भाव उतरवायला लागली. सिद्धोधन कळवळला. "काकू, तुमी माझ्या बाजूनं हायत का त्यांच्या?" शेवटी जमलं. गाळ्याची अनामत सुटत होती, सिद्धोधनचं कमिशन सुटत होतं, आणि एका नव्या कढईपुरतं उरत होतं. तेवढं बास.

राहिलं ते भस्म. आदिनाथ यंत्रामागं घरगाडी जोडायला लागला, तशी मंजुषा कपाळाकडं बोट दाखवून म्हणाली, "हे असंच ठिवायचं का, मावशी? गावोगाव लोक पाया पडतील अन् मला अंघोळ करू देणार न्हाईत."

उमादेवीनं बोटं पाण्यात बुडवली आणि पत्र्यावरच्या पट्ट्यांवरून सावकाश ओढली. बोटांवर आलेलं भस्म तिनं आपल्या कपाळी लावलं. पुन्हा बोटं ओढली, अप्पांच्या कपाळी लावलं. पुन्हा ओढली, "लावू का?" विचारून मंजुषाच्या कपाळी लावलं. ते पुसणं नव्हतं, काढून घेणं होतं. सोमवारमागून सोमवार चढलेलं भस्म, थर मोठा होता. आवारातली माणसं एकेक करून पुढं आली, म्हातारबासुद्धा. शेवटी पत्रा उघडा झाला आणि खाली अप्पांनी कधीकाळी वेड्यावाकड्या अक्षरांत रंगवलेलं दिसलं, ताजी शेव.

जाताना तिनं बाकाखाली शेवेचा डबा भरून ठेवला. घर रिकामं देत नसतात.

पाडव्याला स्टेशनच्या रस्त्यावर कढई चढली. अप्पा गल्ल्यावर, डोक्याला नवा पटका, येईल त्याला पुड्या बांधून देताना हात थरथरतोय, अर्धी शेव बाहेर सांडतेय, आणि लोक हसून तेवढीच उचलून तोंडात टाकतायत. विरेश बायकोला घेऊन आला होता. सून मागच्या खोलीतून म्हणाली, तुम्ही बसा, मी करते. उमादेवी म्हणाली, "तू बस. आता माझं दुकान हाय."

दुपारी रस्त्यावर यंत्राचा खडखडाट आला. ट्रॅक्टर, मागं मळणीयंत्र, आणि त्याच्या मागं लांबूनच चकाकणारा तांब्या. घरगाडीला दोरी बांधलेली, दोरीवर एक साडी आणि एक छोटासा फ्रॉक वाऱ्यावर उडत होता. खिडकीतून एक लहानसं तोंड बाहेर डोकावत होतं. मंजुषा उतरली, हातात पिशवीभर नारळ.

"नवस फेडायला आले, मावशी. कुठं फोडू?"

"घरगाडीच्या पायरीवर फोड. खोबरं अर्धं तुझं, अर्धं माझं. चटणीला होईल."

मंजुषा हसली. मग जरा संकोचून म्हणाली, "एक सांगू का? गावात बाया येतात अंघोळीला, मीच बोलावते. त्या अजून बी चढताना पायरीला हात लावून कपाळाला लावतात. मी सांगितलं, देव न्हाई, घर हाय. तरी लावतात. काय करू?"

उमादेवी गाळ्यातून उतरून रस्त्यावर आली. इतकी वर्षं त्या पायरीवरून ती चढली आणि उतरली होती. घमेली घेऊन, पोर घेऊन, रागानं, पावसात भिजून. विकायला काढली तेव्हा तिनं तिला भस्म लावलं होतं, गिऱ्हाईक यावं म्हणून. पण राहत होती तेव्हा एकदाही वाकली नव्हती.

"लावू दे की त्यांना," ती म्हणाली. "घरात शिरताना लावावाच हात."

ती वाकली, पायरीला हात लावला, कपाळाला लावला, आणि तशीच उभी राहिली. खिडकीतल्या पोरीनं तिचा पदर धरून ओढला. मागून गल्ल्यावरून अप्पांची हाक आली, जत्रेत मारायचे तशीच, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी.

"अगं ए, घाणा करपायलाय!"

"आले, आले," उमादेवी ओरडली, आणि पोरीला कडेवर घेऊन पळाली.